बिल्ल्याची पाठ

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी पातेले आहे. त्याच्या काठावर एका बाईंचे नाव, त्यांच्या यजमानांच्या नावासह, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आहे. या बाई आमच्या आजी नव्हेत, पणजी नव्हेत, किंबहुना आमच्या सात पिढ्यांत कोणी नव्हेत. कोणत्या तरी जुन्या लग्नघरी भांड्यांची अदलाबदल झाली, आमचे पातेले त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे आमच्या घरी आले, एवढेच काय ते आमचे नाते. पन्नास वर्षे त्या पातेल्यात आमच्या घरचे पुरण शिजत आले आहे. तरी आजही ते काढावयाचे झाले म्हणजे 'त्या बाईंचे पातेले काढा' असेच घरात म्हणतात. वापर आमचा, मालकी त्यांची! पन्नास वर्षांच्या विस्तवाला आणि राखेला जे पुसता आले नाही ते कोणा कासाराने एका टोकदार खिळ्याने अर्ध्या घटकेत करून ठेवलेले काम होय.

आम्हां मराठी माणसांना वस्तूवर नाव घालण्याची हौस मोठी. भांड्यावर नाव, छत्रीच्या मुठीवर नाव, पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव आणि त्याखाली तारीख. शाळेत असताना कंपासपेटीच्या झाकणावर कर्कटकाच्या टोकाने नाव. या हौशीत अभिमानापेक्षा भीतीच अधिक असते, वस्तू हरवू नये एवढाच तिचा हेतू असतो, असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटत होते. परंतु माजिवड्यास आमच्या हातून जी एक गोष्ट घडली तिने आमचा हा समज पार बदलून टाकला. गोष्ट आम्हांला भूषणावह नाही; आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

माजिवडा हे ठाण्याच्या वेशीवरचे एक गाव आहे, असे म्हणण्याचे दिवस आता गेले. मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता आणि घोडबंदरकडे वळणारा रस्ता जेथे एकमेकांचा निरोप घेतात, तेथे उड्डाणपुलांची अशी काही गुंतवळ होऊन बसली आहे, की नवख्या माणसाने एकदा चुकीचा पूल धरला तर त्याला घर समोर दिसत असूनही दोन मैलांचा वळसा पडावा. जुने गावठाण अद्याप आहे. आगरी आणि कोळी घराणी तेथे नांदत आहेत. आणि त्यांच्या डोक्यावर पंचवीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले आहेत. आम्ही अशाच एका मनोऱ्यात राहतो. येथे सगळ्या दारांचा रंग एक, सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या एक, आणि माणसाची ओळख म्हणजे त्याच्या सदनिकेचा क्रमांक. आमचा रखवालदार मोठा सज्जन माणूस आहे. पण आमचे नाव त्याला ठाऊक नाही. तो आम्हांला 'बी अकराशे दोन' म्हणतो. आमच्या हाताखालून चार-पाचशे मुले शिकून गेली, हे त्याला कोण सांगणार?

याच संकुलात दोन इमारती पलीकडे एक निवृत्त हवालदार आपल्या मुलाकडे राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची उमर गेली. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते. त्यांचे वडीलही त्याच रेजिमेंटमधले, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. संकुलात त्यांना सारे 'हवालदारसाहेब' म्हणतात, आणि तेही आम्हांला आमच्या जुन्या धंद्यावरून 'मास्तर' म्हणतात. क्रमांकांच्या त्या जंगलात एकमेकांना नावाने नव्हे तरी निदान धंद्याने ओळखणारे आम्ही दोघेच. त्यामुळे आमचे सूत जमले.

दर वर्षी प्रजासत्ताकदिनी संकुलात झेंडावंदन होते. त्या वर्षी झेंडा हवालदारसाहेबांच्या हस्ते फडकवावा असे ठरले, आणि समारंभाची व्यवस्था आमच्याकडे आली. त्यांनी आपली टोपी, पदके आणि टोपीवरचा बिल्ला पेटीतून काढून आम्हांला दाखविला. बिल्ल्यावर बिगूल होता. पायदळातील चपळ पलटणींना पूर्वी ढोलाऐवजी बिगुलाच्या इशाऱ्यावर हलवीत असत, म्हणून अशा पलटणींचे चिन्ह बिगूल. मराठ्यांच्या बिगुलाबरोबर ढाल-तलवारी असणे हेही ओघानेच आले. पण बिल्ला बराच काळवंडला होता. आम्ही म्हणालो, "हवालदारसाहेब, हा आमच्याकडे द्या. बाजारात आमचा एक ओळखीचा भांडीवाला आहे, त्याच्याकडे चकाकी आणण्याचे यंत्र आहे. उद्या आरशासारखा करून आणतो." त्यांनी क्षणभर बिल्ला मुठीत धरला. मग "बरं, न्या," एवढेच म्हणाले. त्या क्षणभराचा अर्थ आम्हांला तेव्हा कळावयास हवा होता.

दुकानदाराने बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "मागूनही करायचा का?" त्या बिचाऱ्याने आम्हांला संधी दिली होती. आम्ही मोठ्या उदारपणे म्हणालो, "अहो, करायचे तर अर्धवट कशाला? दोन्ही बाजूंनी करा!" मास्तरकीची ही एक खोड आहे. वहीचे पान असो की पितळेचा तुकडा, मागचीपुढची दोन्ही अंगे तपासल्यावाचून चैन पडत नाही. यंत्राचे चाक फिरले, आणि पाच मिनिटांत बिल्ला खरोखरच आरशासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो त्यांच्या तळहातावर ठेवला. पुढच्या बाजूकडे त्यांनी नुसती नजर टाकली. मग बिल्ला उलटा केला. चष्मा लावला. खिडकीपाशी गेले. बिल्ला तिरपा धरून उजेडात एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने पाहिला. अंगठ्याच्या नखाने पाठीवरून हळूच चाचपले. आम्ही शाबासकीची वाट पाहत उभे होतो!

"मास्तर," ते म्हणाले, "पाठ कुनी घासतं व्हय?"

मग त्यांनी सांगितले ते असे. ते भरती होऊन शिपाई झाले आणि पहिल्या रजेवर नवा बिल्ला लावून गावी आले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी तो बिल्ला मागून घेतला, अंगणात उंबऱ्याशी बसून एका खिळ्याने त्याच्या पाठीवर पाच रेघा ओढल्या आणि परत दिला. पाचही रेघा खाली एका बिंदूत मिळालेल्या. ते त्यांच्या घराण्याचे देवक होते: पंचपालवी, म्हणजे पाच झाडांचे डहाळे. लग्नाच्या आधी मांडवात जे देवक बसवितात तेच हे. वडिलांना अक्षर येत नव्हते असे नाही. पलटणीच्या शाळेत ते थोडेफार लिहावाचावयास शिकले होते. त्या काळी हिंदी फौजेत शिपायाला हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीत शिकवीत असत, त्यामुळे सातारा जिल्ह्यातील या शेतकऱ्याला आपले नाव लिहिता आले ते आधी साहेबाच्या अक्षरांत. "पर बिल्ल्यावर त्यांनी नाव न्हाई घातलं," हवालदारसाहेब म्हणाले. "नाव सरकारच्या बुकात व्हतंच की. पालवी बुकात नव्हती."

पुढची बाजू ते तीस वर्षे रोज घाशीत आले. पॉलिशचा डाग कापडाला लागू नये म्हणून बटनाखाली सरकवावयाची पितळी पट्टी, जुन्या धोतराचा फडका आणि थुंकी, एवढी सामग्री. घासून घासून बिगुलाच्या दोरीचे पीळ सपाट झाले. आणि गुळगुळीत बिल्ला म्हणजे जुना शिपाई, असे पोरे समजत. परंतु पाठीला त्यांनी कधी हात लावला नाही. पाठ काळी पडत गेली आणि त्या काळ्यात पाच रेघा राहिल्या. वडील १९८० च्या सुमारास वारले. त्यांच्या हातची म्हणून घरात एवढीच खूण होती. आणि ती आम्ही पाच मिनिटांत, पदरचे पैसे देऊन, दोन्ही बाजूंनी पुसून आणली होती.

आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, तुमी चांगल्यासाठीच केलं." हे वाक्य ऐकण्यापेक्षा दोन शिव्या ऐकावयास मिळाल्या असत्या तर आम्हांला अधिक बरे वाटले असते. झेंडावंदन यथासांग झाले. चकाकणाऱ्या बिल्ल्याची सर्वांनी तारीफ केली. आमचा मात्र त्या दिवशी राष्ट्रगीताचा सूर लागला नाही.

शिक्षकाच्या जातीला अपराधाची टोचणी लागली म्हणजे ती पुस्तकांकडे धावते. आम्हीही धावलो. शिपायाने सरकारी चिन्हावर आपली खासगी खूण करावी हा प्रकार आहे तरी काय, याचा शोध करू लागलो, आणि पाहता पाहता लक्षात आले की ही रीत साताऱ्याची नव्हे की इंग्रजी अमदानीचीही नव्हे. जेथे फौज आहे तेथे ती आहे.

रोमन फौजेविषयी व्हेजिशियस नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे, की प्रत्येक शिपायाच्या ढालीवर त्याचे नाव आणि तो कोणत्या तुकडीतला हे लिहिलेले असे. इंग्लंडातील टाइन नदीच्या पात्रात अशाच एका ढालीच्या मध्यभागीचा पितळी उंचवटा सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर बैल, गरुड, देवता अशी आठव्या लीजनची सरकारी चित्रे थाटात काढलेली आहेत, आणि एका कडेला टोचून टोचून नाव घातले आहे: जूनियस डुबिटाटस. या नावाच्या पोटात संशयाचा धातू आहे. परंतु ढाल कोणाची याविषयी त्या गृहस्थाने संशयाला जागा ठेविली नाही. त्याचे सेनापती कोण होते हे ढालीवरून कळत नाही. तो स्वतः मात्र, नदीने गिळूनही, कित्येक शतकांनी वर आला.

आमच्याकडे पाहावे तर उलट चाल दिसते: शिपाई वस्तूवर खूण करीत नसे, तर सरकारच शिपायावर करी. अल्लाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत ठेविली, आणि स्वारांचे 'चेहरे' लिहून घेतले: रंग कसा, डोळे कसे, तीळ कोठे, जखम कोठे. भाड्याचा माणूस आणि उसना घोडा हजेरीला उभा करून पगार लाटू नये, हा त्यातील मतलब. आपण बोलताना सहज 'चेहरेपट्टी' म्हणतो, त्या शब्दाला या हजेरीपटाचा वास आहे.

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि आपला घोडा, आपली हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराची ढाल त्याची, तलवार त्याची, घोडा मेला तर नुकसानही त्याचेच. बारगिराचे सारे काही सरकारचे. या दृष्टीने पाहिले तर आजच्या जगातील प्रत्येक शिपाई बारगीर आहे. टोपी सरकारची, बूट सरकारचे, बंदूक सरकारची. आणि नंबर घातला म्हणजे एका अर्थाने तो स्वतःही सरकारचा. बिल्ल्याच्या पाठीवर खिळ्याने ओढलेल्या पाच रेघा म्हणजे त्या बारगिराच्या अंगी उरलेली तेवढी एक शिलेदारी होय, असे आम्हांला वाटू लागले.

या शिलेदारीची भूक केव्हा लागते? मरण जवळ आले म्हणजे. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, ब्रिटिश शिपायाच्या गळ्यात दोन चकत्या असत, एक हिरवी आणि एक तांबडी. शिपाई पडला तर तांबडी काढून घ्यावयाची, हिरवी प्रेताबरोबर राहू द्यावयाची. चकत्या दाबलेल्या तंतूंच्या होत्या. चिखलात त्या कुजत. तेव्हा शिपायांनी ॲल्युमिनियमच्या तुकड्यांवर, घासून सपाट केलेल्या नाण्यांवर, आपल्या हाताने नावे कोरून मनगटाला बांधली. सरकारने दिलेली ओळख आपल्यापेक्षा आधी कुजणार, हे त्यांनी ओळखले होते. त्याच युद्धाच्या पदकांच्या कडेवर सरकारने नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून दिली खरी; पण पदक युद्धानंतर मिळते. ज्याला नावाची खरी गरज होती तो तेव्हा पदक घ्यावयास हजर नसतो.

त्या युद्धात आपल्याकडचेही पुष्कळ लोक गेले. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. पुढे ११७ व्या पलटणीला 'रॉयल' ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली. भूक आणि कैद माणसांनी भोगली. युद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामास आले, असा त्यांवरील मजकूर. आम्ही देशावर अशा पाट्या पाहिल्या आहेत. चांगला दगड, रेखीव अक्षरे. परंतु नाव एकही नाही, केवळ दोन आकडे. वाचताना आपल्याच संकुलाच्या पत्रपेट्यांसमोर उभे असल्यासारखे आम्हांला वाटते.

याच्या उलट, भीमेकाठच्या कोरेगावचा स्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. त्या दोन अक्षरांनी माणसाची जात आणि वस्ती गावाने ठरवून टाकलेली असे. तीच दोन अक्षरे दगडावर गेल्यावर त्यांचा अर्थ पालटला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले ते ही नावे कोणाची आहेत हे जाणूनच. १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हा कोरेगावचा स्तंभच घेण्यात आला होता. पुढे स्तंभ जाऊन त्या जागी खंजीर आला. चिन्हे बदलतात, आणि बदलावयाची कारणेही असतात. १९५० नंतर साऱ्या सैन्याच्या चिन्हांवरचे राजमुकुट उतरून तेथे अशोकस्तंभाचे सिंह बसले, आणि ते योग्यच झाले. तथापि दर्शनी भाग हा असा वरून ठरत असतो, हे यावरून ध्यानात येते. साच्यातून हजारो बिल्ले निघतात. ते घालणाऱ्याला कोणी विचारीत नाही. त्याला विचारण्यासारखी जागा एकच, ती म्हणजे पाठ.

पाठीवरची गोष्ट कधी कधी पुढेही येते. २१ मार्च १८०१ रोजी अलेक्झांड्रियाच्या लढाईत इंग्रजांच्या २८ व्या पलटणीवर पुढूनमागून एकदमच हल्ला आला. तेव्हा मागची रांग वळून पुढच्या रांगेच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि दोन्ही तोंडांनी लढली. त्या दिवसाची आठवण म्हणून त्या पलटणीचे लोक टोपीच्या मागच्या बाजूसही एक बिल्ला लावू लागले. आधी ती पलटणीची हौस होती, पुढे तिला सरकारची मान्यता मिळाली. सरकार शहाणे असले म्हणजे शिपायाच्या खुणेकडे आधी काणाडोळा करते आणि मग तिलाच नियम बनविते.

येथे कोणी शिस्तीचा भोक्ता म्हणेल, "हे सारे ठीक आहे, पण गणवेशाचे तत्त्वच मुळी सर्व सारखे दिसण्यात आहे. प्रत्येकाने आपापली पालवी, आपापला नाग, आपापला गणपती काढावयाचा म्हटला तर पलटण आणि जत्रा यांत फरक काय राहिला?" हा आक्षेप पोकळ नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला धीर येतो तो शेजारचा आपल्यासारखाच आहे या भावनेने. तेथे जात दिसू नये, घराणे दिसू नये, श्रीमंती-गरिबी दिसू नये, यासाठीच तर तो सारखेपणा. आम्ही हा आक्षेप हवालदारसाहेबांसमोर ठेविला. ते हसले.

"तपासणीला सुबेदार साहेब एकदा बिल्ला काढून बघत व्हते. उलटा केला. रेघा दिसल्या. म्या म्हनलं, आता काय खरं न्हाई. त्यांनी माज्याकडं बघितलं, बिल्ला परत सुलटा केला, माज्या हातात दिला अन् पुढच्या गड्याकडं गेले. येक शब्द बोलले न्हाईत." थोडे थांबून ते म्हणाले, "दर्शनी भाग सरकारचा, मास्तर. पाठ आपली."

त्या सुभेदाराच्या टोपीच्या आत काय होते, हे विचारावेसे आम्हांला फार वाटले. कदाचित् तेथेही एखादी रेघ असेल.

आमच्या मनात आले, की जे पुसले ते पुन्हा कोरता येईल. त्याच भांडीवाल्याकडे नावे घालण्याचे विजेचे यंत्र आहे. आकृती सोपी, पाच रेघांची. आम्ही ही गोष्ट काढली तेव्हा त्यांनी मान हलविली. "दुसऱ्याच्या हातची व्हईल ती. पालवी दिसंल, पर बा न्हाई दिसायचा." याला उत्तर नव्हते. आम्ही आजवर खुणेचा अर्थ आकृतीत शोधीत होतो. खरे पाहता तो दाबात होता. बापाचा हात ज्या जोराने त्या पितळेवर टेकला, तो जोर म्हणजे ती खूण. आकृती तिचे निमित्त. पाठीवर ठेविलेला हात पितळेत राहिला होता.

मग आम्हांला आमच्या पातेल्याची आठवण झाली. त्या अनोळखी बाईंचे नाव कोणी घातले असेल? कासाराने घातले हे खरे; पण अक्षरे सांगितली असतील ती कोणा सासऱ्याने, भावाने, नवऱ्याने, किंवा पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढलेल्या त्यांनी स्वतःच. ज्या काळात घर तिच्या नावावर नव्हते, शेत नव्हते, पुष्कळदा माहेरचे नावदेखील उरले नव्हते, त्या काळात एक पातेले तिच्या नावावर होते. सरकारी बारगिरासारखीच तीही एक बारगीर, आणि पातेल्याचा काठ ही तिची शिलेदारी. वस्तू हरवू नये म्हणून आपण नाव घालतो, असे आम्ही आरंभी म्हटले. ते चूक. वस्तू तर हरवलीच. ती आमच्या घरी आली. नाव घालावयाचे ते आपण हरवू नये म्हणून.

शिपायाच्या बाबतीत हे किती खरे आहे, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक असण्याजोगे आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील बाकी सारे लोक यंत्रतोफेच्या गोळ्यांनी पडले. ते एकटे शत्रूच्या यंत्रतोफेवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि मग गोळी लागून पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावास त्यांचा पुतळा आहे. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांची जागा उरली नाही अशांच्या यादीत, त्यांचे नाव आहे. आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. एवढे मोठे शौर्य असले म्हणजे जग नाव कोरते. बाकीच्यांना आपले आपण कोरावे लागते. हवालदारसाहेबांचे वडील त्याच मुलखातून जिवंत परत आले. त्यांच्या नावे घड्याळ नाही. त्यांनी पाच रेघा ओढल्या होत्या.

आजही ही ओढ मेलेली नाही. भरतीच्या नियमांत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला आणि तळहाताच्या मागच्या बाजूस गोंदलेले चालते. इतरत्र चालत नाही. म्हणजे सरकारनेही शिपायाच्या देहावर एक 'पाठ' मोजून दिली आहे. आमच्या आज्या कपाळावर आणि हातावर गोंदून घेत, आणि मेल्यानंतर बरोबर येते ते एवढेच, असे म्हणत. हवालदारसाहेबांच्या मनगटावर आईने जत्रेत गोंदवून घेतलेले एक फूल आहे. तेही आता सुरकुत्यांत हरवत चालले आहे. परंतु त्याला चकाकी आणण्याचे यंत्र निघालेले नाही, ही देवाची कृपा.

यंदाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या नातीने आमच्या दाराची घंटा वाजविली. हातात एक रुमालाची पुरचुंडी होती. "आजोबांनी दिलंय. बघून झालं की परत द्या, म्हणालेत." आत दुसरा एक बिल्ला होता, जुना, इंग्रजी अमदानीतला, पुढून इतका झिजलेला की बिगूल बोटाने शोधावा लागे. हा त्यांच्या वडिलांचा, इटलीस जाऊन आलेला. आम्ही तो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला. पाठ काळी कुळकुळीत होती. त्या काळ्यात पाच रेघा होत्या. मधली थोडी लांब, डावीकडची शेवटची जरा थरथरलेली, खिळा घसरला असावा.

आमच्या कुटुंबाने चिंच आणि मीठ आणू का, असे थट्टेने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. रुमाल होता तसाच गुंडाळला, आणि त्याच पावली दोन इमारती पलीकडे जाऊन बिल्ला परत केला.

"बघितला?" हवालदारसाहेबांनी विचारले.

"बघितला."

"हात न्हाई ना लावला?"

"पाठीला नाही."

ते हसले, आणि नातीला म्हणाले, "मास्तरांना च्या ठेव."